सोवळ्यातला मसाला

डिलाईल रोड,
ता. ६ मे २०२५

चि. मनाली हीस आजीचा जयभीम.

फोन करणार होते. पण माझ्या बोलण्याचेही तुकडे करून विकशील, म्हणून लिहिते. दुसरी शिकलेय, चुका काढू नकोस.

काल शेजारच्या नलूने फोनवर तुझ्या मसाल्याची मुलाखत ऐकवली. दोन बाया कानांवर वाट्या चढवून गप्पा मारत होत्या. त्यातली एक माझं नाव घेऊन म्हणते, मीच राधाबाई! आवाज असा मऊ, की जन्मात मिरचीचा ठसका लागला नसेल. शेवटी पाकीट दुबईत कुठे मिळेल ते सांगितलं, तेव्हा कळलं की मेली जाहिरात आहे.

तेही सोडलं असतं. पण ती बाई म्हणाली, आमच्याकडे मसाला सोवळ्यात कुटतात.

सोवळ्यात? अगं, माझी आई गावच्या खोताच्या मळ्यात मिरच्या तोडायची. तेव्हा तिचे हात चालायचे. त्याच मिरच्या त्याच्या अंगणात सोवळ्यात कुटायला घेतल्या, की तिने सावलीसुद्धा न पाडता लांब उभं राहायचं. तो शब्द तू माझ्या तोंडी घातलास? पाकिटावर नाव माझं आहे. जाहिरात काढ.

राग आहे, तो असू दे.

आजी

बंगळुरू,
ता. १२ मे २०२५

ती. आजीस मनालीचा सा. जयभीम, वि. वि.

पत्र वाचून कान गरम झाले. जाहिरात लिहिणारा विनीत म्हणतो, नव्या मुलखात आपल्याला कोण ओळखतं? साधी जाहिरात आली की लोक ती न ऐकता पुढे जातात, गप्पा मात्र ऐकतात. सोवळं म्हटलं की तिथल्या मराठी लोकांना घर आठवतं. त्याने लिहिलेलं मी आधी वाचलं होतं गं. स्वच्छ एवढाच अर्थ घेतला आणि हो म्हटलं.

महिनाअखेर दुबईचा पहिला माल निघायचाय. आता जाहिरात काढली, तर तिथलं दुकान उघडण्याआधीच बंद. एक महिना डोळेझाक कर. तू केलेल्या मसाल्याचे डबे न्यायला रविवारी माणूस पाठवते.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी मनाली

डिलाईल रोड,
ता. १९ मे २०२५

चि. मनाली हीस जयभीम.

तुझा माणूस काल आला आणि रिकाम्या हाताने गेला.

स्वच्छ म्हणायचं होतं तर स्वच्छ म्हणायचं. तो शब्द मलासुद्धा येतो. तुझा विनीत म्हणतो, लोकांना घर आठवतं. मला त्या घराचं अंगण आठवतं, कुंपणाबाहेरून.

शनिवारी सगळे डबे गॅलरीत मांडले आणि मजल्यावरच्यांना हाका मारल्या. चमचा कुणाला दिला नाही. हात घाला, म्हटलं. नलू, तिची सून, जिना झाडणारी माया, सगळ्यांनी मुठी भरभरून नेला. माया आधी लाजत होती, तिला दोनदा घ्यायला लावलं. दुबईला कळव, राधाबाईंचा मसाला अख्ख्या चाळीने विटाळला.

एक बरणी मागे ठेवलीय. जाहिरात निघाली की न्यायला ये. तू ये, माणूस नको.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा की नाही, ते तू बघ.

राधाबाई