मासळीच्या वासाची चरबी

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी बायको काठीशिवाय चालायला लागली का? तिला म्हणावं, आता तरी नवऱ्याला कामाला लाव.

इथे मात्र विचित्रच झालंय. तुझ्याकडून आलेल्या डुकरांच्या मांड्या मीठ लावून टांगल्या, पण चरबी काही घट्ट होईना. पिवळट, हाताला तेलकट, आणि वास मासळीचा. गिऱ्हाइकांनी माल परत आणून दिला आणि माझं डोकं फिरलं. मिठाचं काम बघणारे काका, बाबांच्या वेळेपासून आपल्या दुकानात असलेला माणूस, त्यांना मी भर दुकानात म्हणाले की तुमचं नाक गेलं, आता घरी बसा. ते मिठाचे हात धुऊन निघून गेले.

तू नेहमीसारखे जवच घातलेस ना? उगीच आपलं विचारते. लोभ आहेच, पत्र मात्र वेळेवर पाठव.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. जव घातले नाहीत. हिचा पाय मोडल्यापासून रोज जव भरडून शिजवणं माझ्याच्याने होईना. बंदरावर मासळीची डोकी फुकट मिळत होती, ती घातली, वर तेलबियांची पेंड. वजन भराभर चढलं. डुक्कर खातं ते त्याच्या चरबीत उतरतं, हे बाबांनीच मला शिकवलेलं. निदान शेवटचे दोन महिने तरी मासळी बंद करायला हवी होती. मी ती शेवटच्या दिवसापर्यंत घातली.

आणखी एक. पहिलं डुक्कर कापलं तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी चरबीचा तुकडा तव्यावर वितळवून हुंगला आणि मला विचारलं की काय खायला घातलंस. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, जव. स्वतःची लाज वाटते, ताई. काकांना तूच समजाव. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन काकांकडे गेले. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग बोलला का नाहीत, असं विचारलं, तर म्हणाले, तुझ्या भावाला तुझ्यासमोर खोटं पाडणं जिवावर आलं. वाटलं, तो आपणहून सांगेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. ते म्हणाले, माझं काही नाही गं, पण बाजारात लोक मला माझ्या नाकाबद्दल विचारतात.

एकांतात मागितलेली माफी त्यांच्या काय कामाची, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तुझं पत्र मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवणार नाही. शनिवारी सकाळी दुकान भरलेलं असतं, तेव्हा तू ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तुझं झालं की माझं मी सांगेन. काकांना मी बोलावलेलं नाही. समोर असले तर ते पुन्हा तुला पाठीशी घालतील, म्हणून ते नसतानाच सांगायचंय.

येताना लोभ असू दे, सबब नको.

तुझी ताई