कोकोच्या बागेतली टकटक

ती. ताईस,

गुडघे कुरकुरतात म्हणून साष्टांग नको, उभ्यानेच नमस्कार घे. तुझी पाठ कशी आहे? जावईबापू अजून घोरतात का? मी मजेत आहे. (मजेत म्हणजे जिवंत आहे, एवढंच समज.)

भावोजी गेल्यावर तू "त्या बागेत पुन्हा पाऊल टाकणार नाही" म्हणत लेकीकडे निघून गेलीस आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत बाग माझ्या गळ्यात मारलीस. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस मी, मला कोकोतलं काय कप्पाळ कळतंय? त्यात ही फळं फांद्या सोडून थेट खोडाला लटकतात, गळवं आल्यासारखी. पहिल्या दिवशी मला वाटलं, हाच रोग! कामाला येणाऱ्या मावशी पोट धरधरून हसल्या. खरा रोग ओल वाढल्यावर आला. त्याला काळी कूज म्हणतात. फळावर तपकिरी ठिपका पडतो आणि बघता बघता अख्खं फळ काळंठिक्कर. मावशींच्या सांगण्यावरून मोरचूद-चुन्याची फवारणी केली, पण वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून. झाडं कोरडी, मी निळा. तुझ्या कुत्र्याने मला ओळखच दाखवली नाही.

फवारणीहून महत्त्वाचं काम म्हणजे कुजलेलं फळ त्याच दिवशी उतरवून बागेबाहेरच्या खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायचं. मी ते उद्यावर ढकललं. (माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.) सकाळी बघतो तर झाडांवर एकही काळं फळ नाही, खड्डा भरलेला, वर चुना. खूश होऊन मी मावशींना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पाजला, "एकट्याने सगळं उरकलंत" म्हणून. मग दोघंही कप हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. फळं उतरवायची आकडी खोलीत, खोलीला कुलूप, आणि आकडीचं पातं ओलं. देठ सगळे तिरके कापलेले, खोडाला ओरखडासुद्धा नाही. असं कापणारा माणूस या बागेत एकच होता, ताई.

तेव्हापासून ढगाळ दुपारी बागेच्या आतून टकटक ऐकू येते. फळ पिकलं का ते भावोजी बोटाने वाजवून बघायचे ना, अगदी तशी. मी जवळ गेलो की ती पलीकडच्या ओळीत. परवा गिऱ्हाईक आलं, कूज थांबलेली बघून भलतंच खूश झालं. ऐटीत त्याने एक फळ वाजवलं. आतून उत्तर आलं. त्याने पुन्हा वाजवलं, तर या वेळी उत्तर त्याच्या पाठीमागून. छत्री टाकून पळाला बिचारा. (छत्री चांगली आहे, मी वापरतोय.)

कशालाही न घाबरणारा,
तुझा धाकटा

ता. क. मावशी आता फाटकातूनच हाक मारून परत जातात.

ता. क. आणखी एक. खरं सांगायचं ते राहिलंच. काल धीर करून मी ओरडलो, "भावोजी, पुरे आता, कूज गेली, जरा टेका!" टकटक थांबली. मग अगदी कानाशी, त्यांच्याच आवाजात, "ती कधी येणार?" माझी बोबडी वळली आणि तोंडातून "रविवारी" निघून गेलं. आज फाटकापासून घरापर्यंतचा सगळा पाला कुणीतरी झाडून ठेवलाय. बाग विकायची की ठेवायची ते तू मागाहून ठरव. पण रविवारी ये गं ताई, ते वाट बघतायत.