श्वास धरा

२ डिसेंबर
सांगलीहून उंब्रजला आले. हायवेलगतचं नवं हॉस्पिटल, नवंकोरं सीटी मशीन आणि फिल्म वाचणारी मी एकटीच डॉक्टर! आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू स्टाफने बघता बघता फस्त केले. मशीनमधली सूचना हिंदीत होती. तंत्रज्ञ जोतीराम म्हणाला, म्याडम, आमच्या माणसांस्नी ती कळत न्हाई, तुमीच बोला की. मग माझ्याच आवाजात भरलं: श्वास धरा. आता सोडा. फारच लाडात बोलले, म्हणून सगळे हसले.

५ डिसेंबर
उसाच्या ट्रॉलीने रिक्षा उडवली. आत कुंडलच्या चंदनबाला काकू. वरून साधं खरचटलंही नव्हतं. एक्स-रेत मात्र श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची, डावी कड पुसट होती. तो फाटला तर जठर छातीत घुसून फुप्फुस दाबतं. जठर नीट दिसावं म्हणून औषध पाजून लगेच सीटी केला असता तर कळलं असतं. पण दिवस मावळला होता. काकू म्हणाल्या, बाळ, माझा नेम हाय, आता पाण्याचा थेंबसुदिक न्हाई. आमच्या जैन घरीही हाच नेम. मी सर्जनना कळवलं, घाई नाही, सकाळी करू.

६ डिसेंबर
सकाळी काकूंना मशीनमध्ये घेतलं. माझा आवाज म्हणाला, श्वास धरा. त्यांनी धरला, तो सोडलाच नाही. मॉनिटरवर अख्खं जठर छातीत, हृदय उजवीकडे ढकललेलं. जोतीराम छाती दाबत राहिला, मी नुसती उभी. माझ्यामुळे गेल्या.

९ डिसेंबर
मानसिंग, निवृत्त फौजी, पोटदुखीसाठी आले. मशीन म्हणालं, श्वास धरा. पुढचं वाक्य आलंच नाही. माणूस निळा पडला. बाहेर ओढल्यावर श्वास घेतला. म्हणाले, सोडू कसा? आतली बाई सोडा म्हणंना.
आतली बाई म्हणजे मी.

१० डिसेंबर
रेकॉर्डिंग पुसलं. मशीन मुकं आहे, जोतीरामने तपासलं. तरी मला ऐकू येतं — जेवताना, वेणी घालताना. श्वास धरा. मी धरते. सोडायला स्वतःला सांगावं लागतं.

११ डिसेंबर
माझाच सीटी काढायला लावला. मला दिसलं, पडदा फाटलेला. जठर वर. मला तर कुठे लागलंही नाही — सर्जन म्हणाले, फिल्म स्वच्छ आहे. विश्रांती घ्या. पुन्हा हवं तर सकाळी करू, घाई नाही.
माझेच शब्द —

१२
बोलवत नाही. सोडा म्हणायलाही श्वास लागतो —
जोतीरामला खुणेने सांगितलं. तो म्हणाला, म्याडम, सोडा. पुन्हा म्हणाला. रडला. त्याच्या आवाजाने होत नाही — माझाच हवा — तो मी पुसला —
ऊन उतरतंय. काकू दारात. म्हणतात, बाळ, सकाळी —
धरलाय. कुणीतरी माझ्या आवाजात म्हणा, आता सो