बेट ठरेपर्यंत

१२ एप्रिल
ठरलं. माल्टा. लेकीला नोकरी लागली, जुलैपासून दुसऱ्या शहरात हजर व्हायचंय. त्याआधी आम्ही तिघं भूमध्य समुद्रातल्या बेटावर जाणार. निर्णय चष्म्याच्या दुकानातच घेतला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नंबर तपासायची ट्रायल फ्रेम चढवली, त्यांना लांबचं स्पष्ट दिसायला लागलं, आणि लक्षात आलं की जन्मभर लोकांना लांबचं दाखवलं, आपण मात्र समोरच्या अक्षरांच्या तक्त्यापलीकडे काही पाहिलं नाही. घरी येऊन जाहीर केलं. ही म्हणाली, विचार बदलायच्या आत बुकिंग करा. मी विचार बदलणारा माणूस नाही.

१३ एप्रिल
माल्टा रद्द. शेजारचा सलूनवाला म्हणतो, तिथे फार गर्दी. तो स्वतः गेलेला नाही, पण त्याच्या खुर्चीत जगभरचे लोक बसतात. क्रीट घ्यावं.

१९ एप्रिल
ट्रॅव्हल एजंट बाईंकडे गेलो. त्यांनी नकाशा पसरला. क्रीट लांबलचक आहे, गाडी भाड्याने घ्यावी लागेल म्हणाल्या. मी उत्तम चालवतो. मागच्या वेळी तो खांबच चुकीच्या जागी होता. तरीपण दोन बायकांना घेऊन परक्या रस्त्यावर नको. सार्डिनिया बघतो म्हटलं. बाई नकाशाची घडी घालत होत्या, ती पुन्हा उलगडावी लागली.
रात्री जेवताना लेक म्हणाली, बाबा, कुठलंही चालेल, समुद्र हवा आणि तुम्ही दोघं हवेत. मुलगी गुणी आहे, पण व्यवहार शून्य. तिला समजावलं की असे निर्णय भावनेच्या भरात होत नसतात. समजावेपर्यंत ती ताट उचलून गेली होती.

२ मे. सकाळ
पोहणं शिकणार. बेटावर जायचं आणि काठावर बसायचं म्हणजे चष्मा घेऊन खिशात ठेवण्यासारखं.

२ मे. दुपार
शिकवणाऱ्या बाईंनी तोंड पाण्यात घालायला सांगितलं. घातलं. पाण्यात क्लोरीन फार. कमरेएवढं पाणी, पण दिसतं त्यापेक्षा खोल. शेजारी एक पाच वर्षांची मुलगी फळी धरून गेली आणि परत आली. मला म्हणाली, आजोबा, भिऊ नका. तिच्या आईने तिला वळण लावायला हवं. समुद्र ही मुळात पाहायची गोष्ट आहे.

९ मे
सकाळचा वेळ सत्कारणी. फोनवर ग्रीक शिकतोय. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कालिमेरा, म्हणजे सुप्रभात, म्हटलं. एक आजी म्हणाल्या, नंबर वाढलाय एवढंच सांगा, औषधाचं नाव नको. संध्याकाळी लेकीने विचारलं, सार्डिनिया इटलीत ना? ती खोलीबाहेर गेल्यावर नकाशा पाहिला. इटलीतच आहे. ज्ञान कधी वाया जात नाही.
ती दारात परत आली, बाहेर फिरायला येता का विचारत होती. म्हटलं, एवढं इटालियन डाउनलोड होऊ दे.

१६ मे
एजंट बाईंचा फोन. तीन तिकिटं संध्याकाळपर्यंत धरून ठेवलीत, हो की नाही सांगा. घाई मला पसंत नाही. सार्डिनियाच्या वाऱ्याबद्दल वाचत होतो, तेव्हा उद्या कळवतो म्हटलं. त्या म्हणाल्या, काका, वारा सगळीकडेच असतो. त्यांना माझ्याबद्दल आदर आहे, पण अभ्यास कमी. तिकिटं गेली. बरंच झालं.
दिवसभर हाताला चैन नव्हती. एका फ्रेमची चांगली दांडी पिरगाळून तोडली. गिऱ्हाइकाला सांगितलं, धातूच कच्चा.

२० मे
मेहुण्याचं तळ्याकाठी छोटं घर आहे. ही आणि लेक तिकडे निघाल्यात. मलाही चला म्हणाल्या. लेकीने तर माझी बॅगही भरली होती. मी नाही म्हटलं. छोट्या सहलीने मोठ्या सहलीची भूक मरते. शिवाय एजंट बाईंचा फोन आला तर? ही म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायची हौस तुम्हाला. बॅगेतले माझे कपडे काढून लेकीने नीट घड्या घालून कपाटात ठेवले.

२२ मे
फोन आला नाही. घर फार मोठं आहे. या खोलीतून त्या खोलीत गेलो, परत आलो. सुटकेस काढून टेपने मोजली, आत ठेवली, पुन्हा काढली.

२४ मे
आल्या. दोघींची नाकं उन्हाने सोललेली. एकमेकींकडे बघून ‘बदक’ म्हणतात आणि पोट धरून हसतात. काय झालं विचारलं. ही म्हणाली, सांगून कळणार नाही, तिथे असायला हवं होतं. बदकात हसण्यासारखं काय असतं? रात्री त्यावर बराच विचार केला.

३ जून
ठरलं! सायप्रस! आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. वारा बेताचा, समुद्र उथळ, गर्दी सोसवेल इतकी. आनंदाने घरी आलो तर लेक पुस्तकं खोक्यात भरत होती. कंपनीने लवकर बोलावलंय, याच महिन्याच्या मध्यावर. तिला परवाच कळलं होतं. मला का नाही सांगितलं म्हणून मी आवाज चढवला. ही म्हणाली, सांगणार कोणाला? तुम्ही तर बेटावर होतात.
खोक्याला चिकटपट्टी लावायला मदत केली. तिरकी लागली.

१४ जून
लेकीला स्टेशनवर सोडलं. फलाटावर तिला सांगत होतो, सायप्रस आता ऑक्टोबरमध्ये करू. पहिल्या वर्षी रजा नसते, हे तिने दोनदा सांगितलं असावं. मी बंदरापासून हॉटेलपर्यंतच्या बसबद्दल बोलत राहिलो. तिने एकदम माझा चष्मा काढला, बाबा, किती मळलाय म्हणाली, आणि ओढणीने पुसायला लागली. अख्ख्या गावाच्या काचा मी पुसतो. चष्म्याविना मला समोरचं माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग. तो डाग बराच वेळ काचा पुसत होता. मग चष्मा माझ्या नाकावर आला, आणि ती डब्यात चढलेली होती.
काच ओढणीने पुसू नये, चरे पडतात. सांगायचं राहिलं.

१५ जून
एजंट बाईंकडे गेलो, सायप्रस, दोघांसाठी, पक्कं. बाई म्हणाल्या, काका, आधी घरी विचारून या. पाणी दिलं. मी काही मागितलं नव्हतं.

१८ जून. संध्याकाळ
हे बिलाच्या मागे लिहितोय, वहीत नंतर उतरवीन. दुकानातून आल्यावर ही म्हणाली, बेट राहू दे, जरा पाय मोकळे करून येऊ. मी म्हटलं, आभाळाचा अंदाज घेऊन निघू. तोवर तिने चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं. मी तसाच निघालो. म्हटलं तर माझी आजवरची सर्वांत झटपट निघालेली सहल. कोपऱ्यावर तिने विचारलं, डावीकडे की उजवीकडे? मी म्हटलं, दोन मिनिटं थांब. उजवीकडे चढ आहे, पण झाडं आहेत. डावीकडे सपाट, पण वाहनं फार. दोन्हींचा नीट तौलनिक विचार करून मी डावीकडे असं सांगायला वळलो, तर ती उजवीकडच्या चढावर पार वर पोचली होती. हाक मारली. तिने वळून न बघता हात हलवला. ये म्हणून की जा म्हणून, इतक्या लांबून सांगता येईना.
किल्ली तिच्याकडे आहे. घराच्या पायरीवर बसलोय.