नळीवरची खूण सरकली

आई,

तुला जाऊन वर्ष उलटलं आणि आज पहिल्यांदा लिहितेय. मला भीती वाटतेय, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर अण्णांना गिळता येत नाही, त्यांच्याही नाकात तुझ्यासारखीच पोटात पेज सोडायची नळी आहे. सकाळी तोंड पुसताना बघितलं, तर नळीवरची पेनाची खूण नाकपुडीपासून दोन बोटं बाहेर आलेली, म्हणजे नळी तेवढी सरकलेली.

हॉस्पिटलला फोन केला. नर्सबाई तासाभरात येतायत. "तोवर पाणीसुद्धा सोडू नका," म्हणाल्या.

गाळलेली पेज ओट्यावर गार होतेय. अण्णा डाव्या हातानं पोटाकडं खूण करतात. मोहोळहून आलेली आत्या मागंच लागलीय, "लई भुकेलाय गं माजा भाऊ. दोन बोटं तर हाय, ढकल की आत."

तुझ्या वेळी ढकललीच होती ना मी! नळी तुंबली की कोमट पाणी सोडायचं, पाजताना पाठ उंच ठेवायची, सगळं शिकले होते. स्वतःला अर्धी डॉक्टर समजायचे. त्या दिवशी नळी सरकली आणि तू पोटावर हात ठेवलास.

दारात आलेल्या बोहारणीला चार घास दिल्याशिवाय तू ताटावर बसायची नाहीस. "घरात कुणी उपाशी असलं की घास उतरत न्हाय," म्हणायचीस. मग तुलाच उपाशी कशी ठेवणार होते गं मी? नळी आत सारली, पेज सोडली. तू खोकलीस. मला वाटलं, साधा ठसका.

तूही एकदा माझा हात झटकायचास की!

मग न्यूमोनिया झाला, त्यातच तू गेलीस. पेज फुप्फुसात गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. नळी मी सारली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. आता अण्णा नुसते खाकरले तरी हातातलं टाकून धावते. माझ्या हातून पुन्हा तेच झालं तर?

नर्सबाई तपासून हो म्हणेपर्यंत अण्णांना थेंबही देणार नाही. आत्या रुसली तर रुसू दे. आणि त्यांचं पोट भरलं की उशाशी बसून तुझ्या नळीचं खरं सांगेन. ते तोंड फिरवतील, ह्याची भीती जास्त वाटतेय. फिरवलं तरी संध्याकाळची पेज मीच पाजेन, आई.

तुझी,
सुनंदा