वैनीचं कोपर

३ मे १९४४. पाली.
झाशीहून घरी. अठ्ठावीस दिसांची रजा. फौजी इस्पितळात मालिशीच्या वार्डात दोन वर्सं काढली, ते गावाला आता कळंल. चंद्रावैनी महिन्यापूर्वी गडाच्या वाटंवर मोळीसकट पडली. कोपर निसटलं. रखमाजी हाडवैद्यांनी बसवलं, तीन आठवडे बांधलं, सोडलं. पण घास तोंडाला पोचत न्हाई. चार बोटं अंतर राहतं. ही केस म्हणजे माझ्या हातचा मळ.

४ मे, सकाळी.
मालिश सुरू. तेल लावलं, मग धरून वाकवलं. वैनी किंचाळली. गेनूदादा, तिचा नवरा, म्हणाला, हाताला लाव, तिच्या जिवाला नगं. त्याला सायन्स काय ठावं!
वार्डात सिस्टर मला गुडघे द्यायची, घोटे द्यायची. कोपरं स्वतः बघायची. का, ते कधी विचारलं न्हाई. विचारलं की माणूस अडाणी ठरतो. सोपी असतील म्हणून ठेवत असंल.

९ मे.
रखमाजीबाबा आले. म्हणाले, लेकरा, कोपर चोळू नगं, ओढू नगं. तिचं तिला हलवू दे. म्या विचारलं, कंच्या पुस्तकात लिवलंय? म्हणाले, माझ्या थोरल्या लेकाच्या आखडलेल्या हातात लिवलंय, जाऊन वाच.
जुनी माणसं. विषय सोडला.

१३ मे.
आज अंतर सहा बोटं. तेलानं माझीच बोटं बारीक झाली असणार. उद्यापासून दोनदा.

१५ मे.
कोपर सुजलंय. गरम लागतं. म्हणजे रक्त धावतंय.
तरी मन्सूरला कार्ड टाकतो. तो मूळ भोरचा, झाशीत माझ्याच वार्डात. सिस्टरला विचारून कळव म्हणावं. मला येतंच, नुसती खात्री. गावातला एकजण रोज मालिश करतो, असं लिवलं. नाव घातलं न्हाई.

२१ मे.
आता अंतर वीतभर. वैनी लई भित्री. हात आखडून धरती, मग कसं व्हायचं?
म्हणाली, भावजी, आवणीला हात येईल ना? घरात भात लावणारी म्या एकली. म्हटलं, समद्या बायांच्या पुढं असाल.

२८ मे.
कार्ड आलं. माणसं पारावर बोलावली. साहेबी इस्पितळाचं उत्तर म्हटल्यावर वैनीपण आली. आधी मनात वाचायला पायजे होतं. मोठ्यानं सुरू केलं.
सिस्टर विचारती, मालिश करणारं गाढव कोण? इथवर समदे हसले. म्यापण हसलो. पुढं होतं: कोपराला मालिश न्हाई, जबरी न्हाई. केली तर मांसात नवं हाड धरतं, मग सांधा वाकत न्हाई.
थांबायचं सुचलं न्हाई. तोंड वाचतच राहिलं. वैनीनं विचारलं, मंग आता? म्या कार्ड उलटून बघितलं. पलीकडं नुसता पत्ता.

३० मे, सकाळी.
निघालो. मोटारची वाट बघतोय.
उजवा हात पोचत न्हाई, डाव्यानं जेवायचं न्हाई. घरची म्हातारी साळूआई आधी वैनीला भरवती, मग आपण जेवती. आज भरवताना वैनीनं माझ्याकडं बघितलं न्हाई.
वाटंला लागताना मात्र मागं आली. म्हणाली, भावजी, सिस्टरबाईंना इचारा, काई इलाज हाय का. म्हटलं, व्हय, पोचल्या पोचल्या.
सिस्टर आधी विचारंल, चोळलं कुणी?
विचारायचं न्हाई, असं ठरवलंय. मालिशीचे बाकीचे नेम मोडले. ह्यो पाळीन.