ताटातलं शेड-कार्ड

तीर्थरूप आईस,

नमस्कार. मी ठणठणीत आहे.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून महिनाभर रोज उकडलेला दुधी खाल्ला. पोट भरायचं, पण मन भरायचं नाही. मग कंटाळून बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त व्हायचा. वजन उलट वाढलं!

आता गिरणीच्या रंगखात्यातलं रंगछटांचं जुनं शेड-कार्ड स्वयंपाकघरात लावलंय. रोज पुढच्या रंगावर बोट ठेवायचं आणि त्या रंगाची भाजी आणायची. काल गाजर होतं, आज पालक. निळ्या रंगाला मात्र भाजीवाली हसली. पंधरा दिवसांत एकही पुडा फोडलेला नाही.

ताई लिहिते, बाबा गेल्यापासून तू दोन्ही वेळा चहा-बिस्किटांवरच भागवतेस. मला काही कळवलं नाहीस.

सोबत दुसरं शेड-कार्ड पाठवतोय. सुरुवात लाल रंगापासून कर. मीही उद्या लालच घेतो.

तुझा,
रंगारी